पत्रिकेवरचं नाव आणि 'आदी' मधला माणूस

परवा रात्री साडेअकराला फोन वाजला. एवढ्या रात्री फोन म्हणजे एकतर अपघात, नाहीतर कुठंतरी आग. उठून घेतला. पलीकडून एक ओळखीचा कार्यकर्ता. म्हणाला, "भाऊ, बातमी बघितली. आपल्या साहेबांचं नाव चौथ्या नंबरवर कामून?"

दोन किलोमीटर रस्त्याचं भूमिपूजन होतं. बातमी जेमतेम दीडशे शब्दांची, त्यातले निम्मे शब्द नावांचे. कुणाच्या हस्ते, कुणाच्या अध्यक्षतेखाली, कुणाच्या प्रमुख उपस्थितीत, विशेष उपस्थिती कुणाची, आणि सगळ्यात शेवटी आमचा लाडका शब्द, 'आदी'. रस्त्याला किती निधी आहे, ठेकेदार कोण, काम कधी संपणार, हे एका ओळीत. ती ओळ कुणी वाचली का, मला माहीत नाही. फोन मात्र नावाच्या नंबरवरून आला.

वीस-बावीस वर्षं या जिल्ह्यात बातमीदारी करतोय. एकदा माझ्या हातून एका रस्त्याची लांबी दोनऐवजी बारा किलोमीटर छापली गेली. मला वाटलं, आता काही खरं नाही. एकाचाही फोन आला नाही. पण एकदा एका माजी पदाधिकाऱ्याच्या नावाआधीचा 'मा.' राहिला, तर सलग तीन दिवस फोन. ते माजी होते आणि माननीयही होते, म्हणजे 'मा. मा.' असे दोन पाहिजे होते. मी एकच टाकला. तो माननीयचा की माजीचा, यावर वाद.

हसू नका राव. हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. लांब आहे, पण वाचा.

सरकारी भाषेत याला 'राजशिष्टाचार' म्हणतात. राजे गेले, शिष्टाचार किती उरला ते तुम्हीच ठरवा, पण शब्द आहे. मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाखाली याचं काम चालतं, मंत्रिमंडळात त्या नावाचं खातंही आहे. आणि देशपातळीवर कोण कुणाच्या आधी, याची राष्ट्रपती सचिवालयाची अधिकृत यादी आहे. मूळ अधिसूचना २६ जुलै १९७९ ची, पुढं तिच्यात दुरुस्त्या होत गेल्या. एकूण २६ क्रमांक. पहिले राष्ट्रपती, दुसरे उपराष्ट्रपती, तिसरे पंतप्रधान. चौथे राज्यपाल, पण आपापल्या राज्यात असतील तर. सहाव्या क्रमांकावर देशाचे सरन्यायाधीश आणि लोकसभेचे अध्यक्ष. मुख्यमंत्री आपल्या राज्यात सातव्या क्रमांकावर, राज्याबाहेर गेले की आठव्या. आणि आपले खासदार? एकविसावे.

आता गंमत ऐका. या यादीच्या खाली टिपा आहेत. त्यातली पहिलीच टीप सांगते की हा क्रम फक्त शासकीय आणि औपचारिक समारंभांपुरता आहे, सरकारच्या रोजच्या कामकाजाला तो लागू नाही. म्हणजे ज्यांनी यादी केली त्यांनाच भीती होती की लोक ही यादी खिशात घालून ऑफिसात फिरतील. भीती खरी ठरली. आपल्याकडं तर रोजचं कामकाजच समारंभ झालंय. हातपंपाची दुरुस्ती झाली तरी नारळ फुटतो, आणि नारळ फुटला म्हणजे क्रम आला.

पण मी राजशिष्टाचाराच्या विरोधात नाही. उलट बाजूचा आहे. कसं ते सांगतो.

मे २०२५ मधली गोष्ट आठवा. आपल्या अमरावतीचे भूषण गवई १४ मे रोजी देशाचे सरन्यायाधीश झाले. चारच दिवसांनी, १८ तारखेला, महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलच्या सत्काराला मुंबईत आले. राज्याचे मुख्य सचिव, पोलीस महासंचालक, मुंबईचे पोलीस आयुक्त यांपैकी कुणीही स्वागताला नव्हतं. गवईंनी व्यासपीठावरूनच नाराजी सांगितली. म्हणणं असं की प्रश्न माझा नाही, लोकशाहीचे तीन खांब एकमेकांचा मान ठेवतात की नाही याचा आहे. मग काय, त्याच दिवशी ते चैत्यभूमीवर गेले तेव्हा तिघेही अधिकारी तिथं हजर. दोन दिवसांत सरन्यायाधीशांना कायमस्वरूपी राज्य अतिथीचा दर्जा देणारं, स्वागत कसं करायचं हे सांगणारं पत्र निघालं.

पुढचं कमी लोकांना माहीत आहे. या प्रकरणात अधिकाऱ्यांवर कारवाई करा म्हणून एक वकील सर्वोच्च न्यायालयात गेले. गवईंच्याच खंडपीठानं ती याचिका फेटाळली, वर सात हजारांचा दंड लावला. म्हणजे पदाचा मान राखला गेला पाहिजे हे बोलून झालं, चूक दुरुस्त झाली, विषय संपला. त्याचं भांडवल करू नका.

मला यात नेमका फरक दिसतो. राजशिष्टाचार पदाचा असतो, मानपान माणसाचा असतो. पदाचा मान चुकला तर तो सगळ्यांचा प्रश्न आहे, कारण पद आपण सगळ्यांनी मिळून तयार केलंय. माणसाचा मान चुकला तर तो त्या माणसाच्या रुसव्याचा प्रश्न आहे. आपल्याकडं झालंय असं की पदाचा नियम पुढं करून माणसाचे रुसवे काढण्याचं काम चाललंय. तहसीलदारापासून शिपायापर्यंत सगळी यंत्रणा त्यात गुंतलीय.

हा आजार आजचा नाही, हेही खरं. १२ मे १६६६ ला आग्र्याच्या दरबारात काय झालं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं. भांडण जागेवरूनच झालं. पण ते रुसवे-फुगवे नव्हते हे लक्षात घ्या. तिथं उभं राहणं मान्य करणं म्हणजे आपण औरंगजेबाचे चाकर आहोत हे मान्य करणं. रांगेचा अर्थ राजकीय होता. म्हणून तो अपमान सहन केला नाही, आणि आठ वर्षांनी रायगडावर स्वतःचं सिंहासन उभं राहिलं.

इंग्रजांनी तर ही कला पार टोकाला नेली. कुणा संस्थानिकाला किती तोफांची सलामी, हे ठरलेलं. आपल्या कोल्हापूरला १९. बडोदा, ग्वाल्हेर, म्हैसूर, काश्मीर आणि आपला निजाम यांना २१. आपण जालनेकर त्याच एकवीस तोफांच्या राज्यातली रयत. बाकीचे राजे 'हिज हायनेस', आमचा निजाम 'हिज एक्झाल्टेड हायनेस', म्हणजे सगळ्यांच्या वर. १९१८ मध्ये इंग्रजांनी दिलेली पदवी. तोफा एकवीस, पण आपल्या आज्या-पणज्यांच्या गावात शाळा किती होत्या, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा.

१२ डिसेंबर १९११. दिल्ली दरबार. पंचम जॉर्ज समोर बसलेले. एकेक संस्थानिकानं पुढं जायचं, ठरल्याप्रमाणं वाकायचं आणि पाठ न दाखवता मागं सरायचं. आधी निजाम गेला. मग बडोद्याचे सयाजीराव गायकवाड. हे मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेले. ते गेले, एकदा थोडं वाकले आणि सरळ पाठ फिरवून परतले. झालं! इंग्लंडातल्या वर्तमानपत्रांनी राजद्रोह म्हणून बोंब मारली. महाराजांना खुलासा करत माफीचं पत्र लिहावं लागलं. ते मुद्दाम केलं की गडबडीत झालं, यावर आजही लोक वाद घालतात. पण सयाजीराव आज आपल्याला आठवतात ते कशासाठी? सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणासाठी, तरुण भीमराव आंबेडकरांना परदेशी शिकायला दिलेल्या शिष्यवृत्तीसाठी. दरबारात ते कितव्या नंबरवर होते, हे कुणाच्या लक्षात आहे?

आणि निजामाचं काय झालं? १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सरदार पटेल हैदराबादला गेले. जो निजाम कुणाच्या स्वागताला जात नव्हता, तो स्वतः बेगमपेट विमानतळावर आला आणि हात जोडून उभा राहिला. तो फोटो बघितला नसेल तर शोधून बघा. राजशिष्टाचार उलटा झाल्याचा एवढा सुंदर फोटो दुसरा नाही. समोर उभे होते ते पटेल लोकांच्या वतीनं. त्या नमस्काराचे खरे मानकरी आपण होतो.

होतो ना? मग पंचाहत्तर वर्षांत आपण परत मागच्या रांगेत कसे गेलो?

गावापासून सुरुवात करू. पोळ्याला वेशीत तोरण बांधलेलं असतं. आधी पाटलाची जोडी, मग बाकीच्यांची. मानाचा बैल कुणाचा, यावरून डोकी फुटलेली मी स्वतः कव्हर केलीत. बिचाऱ्या बैलांना काही देणं-घेणं नसतं, ती उन्हात शिंगं हलवत उभी असतात. लग्नाचं तर विचारूच नका. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा, अक्षता पडतात दोनला. कारण साहेब निघालेत, फाट्यावर आलेत, पोहोचताहेत. साहेब आले की माइकवर नावं. शाल, फेटा, टोपी-टॉवेल. शुभेच्छापर भाषण. अंतरपाटामागं नवरी घामानं निथळतेय आणि पुढं साहेब वधू-वरांना सोडून निधीचं सांगताहेत. लग्न कुणाचं, समारंभ कुणाचा!

वरच्या पातळीवर तेच. रायगड आणि नाशिकचं पालकमंत्रिपद जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी स्थगित झालं. मग प्रत्येक राष्ट्रीय सणाला राज्यभर एकच चर्चा, झेंडा कोण फडकवणार? १५ ऑगस्टला कुणाचं नाव यादीत आलं, कोण नाराज, कोण दिल्लीला गेलं. झेंड्याची दोरी म्हणजे सत्तेची दोरी झाली. तिरंगा आपला सगळ्यांचा, दोरीवरून मात्र मारामारी.

आता २० नोव्हेंबर २०२५ चा शासन निर्णय घ्या. आमदार-खासदार कार्यालयात आले की अधिकाऱ्यानं जागेवरून उठून उभं राहायचं, नीट ऐकून घ्यायचं, फोनवर नम्रपणे बोलायचं, त्यांच्या पत्राला दोन महिन्यांत उत्तर द्यायचं. कार्यक्रमाला बोलवायचं, पत्रिकेत नाव बरोबर छापायचं, आसनव्यवस्था क्रमानुसार ठेवायची. यावर फेसबुकवर बरीच खिल्ली उडाली. मी उडवणार नाही. आमदार कसाही असो, तो लाख लाख लोकांच्या मतावर आलेला असतो. जो अधिकारी आमदाराचा फोन घेत नाही, तो तुमचा-माझा घेणार आहे का? तो उभा राहिला तर तो आपल्या मतासमोर उभा राहतो, असं म्हणू.

पण मग पुढचा प्रश्न विचारू द्या. मंठ्याच्या बाजूच्या गावातून सकाळच्या एसटीनं निराधार योजनेचे कागद घेऊन आलेली बाई. साठीच्या पुढची. तिच्यासाठी कोण उभं राहणार? उभं राहू नका हो, तिला बसायला खुर्ची द्या एवढंच. लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. कुठलं काम किती दिवसांत करायचं, हे त्यात ठरलेलं आहे, कार्यालयाबाहेर फलक लावायचा आहे. आमदाराच्या पत्राला दोन महिने, हा नियम पाठ. बाईच्या अर्जाची मुदत किती, हे त्या फलकाखाली बसणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी विचारून बघितलंय.

आता दुसरी बाजू. हे सगळं लिहिताना मला माझाच एक मित्र आठवतो. तो कार्यकर्ता आहे, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. मी एकदा त्याला म्हणालो, "कशाला पत्रिकेवरच्या नावासाठी एवढा जीव काढतो?" तो शांतपणे म्हणाला, "तुझ्या आजोबाचं नाव गावात होतं. माझ्या बापाला लोक नावानं हाक मारत नव्हते. माझं नाव छापून आलं की माझी आई ती पत्रिका देव्हाऱ्यात ठेवती." मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही.

म्हणून म्हणतो, नियम नकोच असं नाही. नियम दुबळ्याच्या कामाचा आहे. आज महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. किती गावांत सरपंचबाईंच्या खुर्चीवर नवरोबा बसतो? एका गावात मी झेंडावंदनाला गेलो होतो. सरपंच दलित समाजातली तरुण बाई. गावातल्या काही लोकांनी आधीच ठरवलं होतं, दोरी मोठ्या घरातल्या एका जुन्या माणसाच्या हातात द्यायची. "वडीलधारे आहेत, त्यांचा मान आहे." ग्रामसेवक गप्प. मुख्याध्यापकबाई मात्र पुढं आल्या आणि म्हणाल्या, "मान घरात. इथं परिपत्रक आहे." दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग सरपंचबाईंनी दोरी ओढली. हात थरथरत होते, पण झेंडा बरोबर उलगडला.

राजशिष्टाचाराचा खरा उपयोग हा. जात, पैसा, वय, आवाज यांच्या मानपानापासून पदाला वाचवणं. ज्या दिवशी तो हे करतो त्या दिवशी मी त्याच्या बाजूनं उभा राहतो. ज्या दिवशी तो उलटं करतो त्या दिवशी हे असं लिहितो.

उलटं कसं करतो, तेही सांगतो. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावात आरोग्य उपकेंद्राची इमारत बांधून तयार झाली. रंग झाला, दारं बसली, फाटकाला कुलूप लागलं. कुलूप सात महिने निघालं नाही. कारण? कोनशिलेवर नावं कोणत्या क्रमानं लावायची ते ठरेना. एकाचं म्हणणं निधी मी आणला, दुसऱ्याचं म्हणणं मंजुरी माझ्या काळातली. मधल्या काळात तिथली नर्स ग्रामपंचायतीच्या एका खोलीत, पोत्यांच्या थप्पीशेजारी लहान लेकरांना लस टोचत होती. बाळंतपणाला बायांना पंधरा-वीस किलोमीटर दूर न्यावं लागायचं. पावसाळ्यात तो रस्ता कसा असतो, ते मी सांगायची गरज नाही. तालुक्याचं नाव लिहीत नाही. आपल्या आठही तालुक्यांतल्या वाचकांना वाटेल की हे आमचंच. तसं वाटलं तर तेच उत्तर समजा.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही सांगायची की नाही यावर बरेच दिवस गेले.

बरीच वर्षं झाली. १७ सप्टेंबरचा कार्यक्रम होता. ठिकाण सांगत नाही. मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले एक आजोबा आले होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. रझाकारांच्या काळात त्यांनी निरोप्याचं काम केलं होतं, तुरुंगही भोगला होता. आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्यांना वाटलं, आजचा दिवस आपला आहे. थोड्या वेळानं एक पोरगा आला, गळ्यात ओळखपत्र. "बाबा, जरा मागं सरका, पाहुणे येणारेत." आजोबा उठले, दुसऱ्या रांगेत बसले. पाहुणे आले, पाहुण्यांबरोबर त्यांची माणसं आली. "बाबा, अजून जरा." आजोबा परत उठले. शेवटी मंडपाच्या कडेला, जिथं कापड संपतं आणि ऊन सुरू होतं, तिथं जाऊन बसले. शाळेची पोरं तर पूर्णच उन्हात. दोघी मुली चक्कर येऊन पडल्या.

सत्कार शेवटी होता. तोवर प्रमुख पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला निघून गेले होते. मंडप अर्धा रिकामा. आजोबांना शाल-श्रीफळ कुणीतरी घाईघाईनं दिलं. फोटोग्राफर पाहुण्यांच्या मागं गेलेला, त्यामुळं फोटो नाही.

हे सगळं मी बघितलं. आणि संध्याकाळी बातमी काय लिहिली? एकोणीस नावं. पदांसहित, क्रमानं, एकही 'मा.' न चुकवता. शेवटी 'आदी उपस्थित होते. स्वातंत्र्यसैनिकांचा सत्कार करण्यात आला.' संपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा ऑफिसात आले. मला वाटलं तक्रार करतील. त्यांनी तक्रार केली नाही. पेपर मागितला. चष्मा लावून बातमी दोनदा वाचली, बोट ठेवून. मग मला म्हणाले, "बाळा, आदी म्हणजे कोण रं?"

मी म्हणालो, "बाबा, म्हणजे बाकीचे सगळे."

"हां," म्हणाले. "बाकीचे सगळे." पेपर घडी करून खिशात ठेवला आणि पैसे पुढं केले. मी घेतले नाहीत. तेवढंच मी त्यांच्यासाठी केलं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांची बातमी मी नंतर करायला हवी होती. करू करू म्हणत राहून गेली. त्यांनी काय काय केलं होतं, कुठल्या वाटेनं निरोप नेले, कुठं लपले, हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कुणाही पाहुण्याला दोष द्यायच्या आधी मला हे कबूल करावं लागेल. तो ओळखपत्रवाला पोरगा त्यांना तीन वेळा उठवून गेला, चौथ्यांदा मी उठवलं.

जमत नाही असं नाही बरं का. जमतं. आषाढीला पंढरपुरात मुख्यमंत्री महापूजा करतात तेव्हा दर्शनरांगेत पहिलं उभं असलेलं वारकरी जोडपं त्यांच्या शेजारी बसतं. मानाचे वारकरी. तिथं पद बघत नाहीत, रांग बघतात. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन होतं. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचं निमंत्रण रद्द केलं, त्यावरून मोठा गदारोळ झाला, अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं. शेवटी उद्घाटन कुणी केलं? आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, वैशाली येडे यांनी. झालेली चूक त्यानं पुसली गेली नाही, पण व्यासपीठावर पहिला मान कुणाचा असू शकतो, हे दिसलं.

मग आपल्या जिल्ह्यात काय करता येईल? मोठं काही सांगत नाही.

एक. १७ सप्टेंबर, २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, १ मे. या चार दिवशी पहिली रांग स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबांची, वीरमाता-वीरपत्नींची आणि त्या दिवशी बक्षीस घेणाऱ्या लेकरांची. खुर्चीवर नाव चिकटवा. पाहुण्यांबरोबर आलेली माणसं मागं उभी राहतील. तरुण आहेत, पाय दुखणार नाहीत.

दोन. सत्कार आधी, भाषणं नंतर. उलटा क्रम असला की काय होतं, ते वर लिहिलंय.

तीन. पोरांना वेळेआधी उन्हात आणून उभं करायचं नाही. पाहुणे उशिरा आले तर कार्यक्रम सुरू करायचा. झेंड्याची वेळ ठरलेली असते, तशी बाकीचीही पाळता येते.

चार. इमारत तयार झाली, ताबा मिळाला, की त्याच दिवसापासून वापर सुरू. उपकेंद्र असो, अंगणवाडी असो, पाण्याची टाकी असो. उद्घाटन नंतर सवडीनं करा, दहा नावं लावा, वीस लावा. पण आधी कुलूप काढा.

पाच. हे आमच्यासाठी, म्हणजे पत्रकारांसाठी. आजपासून माझ्या बातमीत पाचपेक्षा जास्त नावं नसतील. जो काही बोलला, ज्यानं काही केलं, त्याचं नाव. नुसता बसलेल्याचं नाही. आणि 'आदी' हा शब्द मी बंद केला. तो लिहिताना मला घडी केलेला पेपर दिसतो.

माहितीय, यानं फोन वाढतील. जाहिराती कमी होतील, तेही माहितीय. छोट्या पेपरचं पोट कशावर चालतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या पानावर नावं क्रमानंच येतील, ती पैसे देऊन आलेली जागा आहे. पण बातमीची जागा वाचकाची आहे.

त्या रात्री फोनवरच्या कार्यकर्त्याला मी काय सांगितलं ते राहिलंच. मी त्याला विचारलं, "रस्ता किती लांबीचा आहे?" तो म्हणाला, "बघून सांगतो." अजून सांगितलेलं नाही.

तुमच्या गावात कुठली इमारत नावांच्या क्रमापायी कुलूपबंद पडलीय? खाली लिहा. गावाचं नाव लिहा, नेत्यांची नावं नको. एकेक जाऊन बघतो. आणि मुक्तिसंग्रामातलं कुणी म्हातारं माणूस घरात, गल्लीत, शेजारच्या गावात हयात असेल, तर मला मेसेज करा. या वेळी उशीर करणार नाही.